आवाज थांबला तरी हलायचं नाही

माझी नणंद गेली तेव्हा भेटायला आलेल्या बायकांनी विचारलं, शेवटी काय झालं होतं? कावीळ, असं मी सांगितलं. नणंद काय काम करायच्या हे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. त्या बमरोलीच्या एका खात्यात कांड्या भरायच्या, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. आणखी एक काम त्यांनी तीन वर्षं केलं. ते फक्त आमच्या घरात माहीत आहे, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही त्याच खात्याच्या मागच्या खोल्यांत राहायचो. नवरा तिथे जॉबर होता, म्हणजे बंद पडलेले माग दुरुस्त करणारा. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची. मुलगी झाली तेव्हा माझी रजा लवकर संपली, आणि तिला विधवा नणंदेनं सांभाळलं. सांभाळलं म्हणजे खात्यात दोन खांबांना साडीची झोळी बांधून तिला त्यात टाकलं आणि शेजारी बसून कांड्या भरल्या. मागांच्या त्या खडखडाटात बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. मुलगी त्यात गाढ झोपायची.

ती सहा वर्षांची असताना एका सकाळी तिची वेणी घालता घालता नणंदेचा हात थांबला.

"या डोयाले काय व्हयनं वं?"

मी पाहिलं. उजवा डोळा डाव्यापेक्षा थोडा पुढे आल्यासारखा होता. मी म्हटलं, झोप झाली नसेल. नणंद म्हणाल्या, "एकाच डोयानी?"

डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर गुजराती गृहस्थ होते. मुंबईला शिकले होते, त्यामुळे मराठी बोलायचे. त्यांनी मुलीच्या डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं आणि मग आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन डोळे, दोन नसा, आणि मेंदूपाशी दोन्ही नसा एकमेकींना भेटतात ती जागा. उजव्या नशीवर त्यांनी पेनानं एक फुगवटा काढला.

"गाठ आहे. या वयातली ही गाठ बहुतेक वेळा संथ असते. कधी कधी वर्षानुवर्षं बसून राहते. काढायला गेलो तर नस जाते, म्हणजे डोळा जातो. त्यामुळे मी काढा म्हणणार नाही."

"मग औषध?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. पाहत राहायचं. ठरावीक महिन्यांनी आतलं चित्र काढायचं आणि आधीच्या चित्राशेजारी ठेवायचं." त्यांनी दोन नसा भेटतात तिथे पेनाचं टोक टेकवलं. "गाठ इथपर्यंत आली तर डावा डोळाही धोक्यात. मग थांबता येणार नाही. इथपर्यंत आली नाही तर तुमची मुलगी एका डोळ्यानं बी.ए. होईल."

घरी हे समजावणं अवघड गेलं. दिरांनी विचारलं, डॉक्टरनं काय दिलं? मी म्हटलं, काही नाही, पाहायला सांगितलंय. ते म्हणाले, "पाहायला तर आम्हीपण पाहतो की. त्याले पैसा कशाले?" शेजारची एक बाई म्हणाली, मोठे डॉक्टर असेच असतात, काही करत नाहीत. लहान डॉक्टर निदान सुई तरी देतो.

सुरतेत एमआरआयचं यंत्र तेव्हा नवीन होतं. आम्ही दोघं आणि नणंद मुलीला घेऊन गेलो. झोपेचं गोड औषध तिनं प्यायलं आणि लगेच बाकावर ओकून टाकलं. भूल द्यायची तर तिच्या छातीत कायम घरघर. भूलतज्ज्ञ नको म्हणाले. तेव्हा ठरलं की जागेपणीच आडवं करायचं आणि कुणीतरी तिचा पाय धरून आत बसायचं. यंत्रात जबरदस्त लोहचुंबक असतो, म्हणून यंत्र चालवणारा मुलगा सगळ्यांची चौकशी करू लागला. सुरुवात नवऱ्यापासून.

"भाई, आंख में कभी लोखंड का कण गया था?"

"कौन-सी आंख में?" नवऱ्यानं विचारलं.

"किसी में भी."

"दोनों में. ग्राइंडर पे काम है ना. हर महिने जाता है."

"निकाला सब?"

"जो दिखा वो निकाला."

त्याला बाहेर बसवलं. चुंबक तो कण डोळ्यात फिरवू शकतो, असं त्या मुलानं सांगितलं. नवऱ्यानं दोन्ही डोळे मिटून घेतले.

मग मी. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं काढून नवऱ्याच्या रुमालात बांधलं. नाकातली चमकी निघेना. लग्नात सोनारानं बसवली तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. साबण आणला, तेल आणलं. नाक लाल झालं, चमकी जागची हलली नाही. आता मागे दुसरे पेशंट खोळंबले होते.

"मी जास मझार," नणंद आत जायला पुढे होत म्हणाल्या. "मन्हा आंगवर काय शे?"

खरंच काही नव्हतं. त्यांचा नवरा गेला तेव्हा सगळं काढून घेतलं होतं. त्या मुलानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, केसांतला आकडा काढायला लावला आणि म्हणाला, "चलो, मासी."

मला काचेतून दिसत होती नणंदेची पाठ आणि मुलीची पावलं. यंत्र सुरू झालं. भिंतीतून ठोकल्यासारखा आवाज आला, ठक ठक ठक. मुलगी हलली नाही. पावलं सैल पडली होती. मग आवाज थांबला, आणि ती उठून बसायला लागली. तिला परत झोपवलं. पुन्हा आवाज, पुन्हा गाढ. पुन्हा थांबला, पुन्हा उठली. असं शेवटपर्यंत चाललं.

"ऐसा मैंने नहीं देखा," तो मुलगा म्हणाला. "सब बच्चे आवाज में रोते हैं. ये बंद होने पे उठती है."

डॉक्टरांनी ती चित्रं दिव्याच्या पेटीवर लावली. प्रत्येक नस दोनदा दिसत होती.

"हललंय. यावरून मी काही सांगू शकत नाही. दुसरीकडे दाखवलंत तर कोणीतरी सांगेल, आणि जो सांगेल तो कापायलाच सांगेल. पुढच्या महिन्यात परत काढा. स्थिर पाहिजे."

रिक्षात मी मुलीला विचारलं, तू का उठत होतीस? ती म्हणाली, "बंद पडलं ना." तिच्या दृष्टीनं त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. नणंदही माझ्याकडे पाहत होत्या.

"मास्तरीण, लाइट गई म्हणजे पोरं उठतस ना. येवढं नही समजत?"

आमच्याकडे तसंच होतं. खातं चालू असलं की सगळं ठीक. दिवे गेले, माग एकदम थांबले, की झोळ्यांमधली पोरं जागी होऊन रडायला लागायची आणि बायका हातातलं टाकून उठायच्या. यंत्राला मात्र दर चित्रानंतर थांबावंच लागतं, आणि त्या थांबण्यात डोकं हललं की पुढचं चित्र आधीच्याशी जुळत नाही.

पुढच्या खेपेला नणंद आत जाण्याआधी मी त्यांना म्हटलं, "ताई, आवाज थांबला की तिला काहीतरी सांगा." त्या म्हणाल्या, "मले नको शिकाडू."

आवाज थांबला. पावलं हलली, आणि परत सैल पडली. यंत्र चालवणाऱ्या मुलाच्या कानावर आतलं बोलणं येत होतं. त्यानं काचेकडून वळून मला विचारलं, "बेन, ये जॉबर कौन है?"

"क्यों?"

"मासी बोल रही है, जॉबर आया है, सुधार रहा है, अब्भी चालू होगा."

बाकावर बसलेल्या जॉबरनं वर पाहिलं आणि परत मान खाली घातली.

ती चित्रं स्वच्छ आली. गाठ होती. दोन नसा भेटतात ती जागा मोकळी होती. डॉक्टरांनी पट्टीनं मोजून कागदावर लिहिलं आणि म्हणाले, थांबू.

आम्ही थांबलो. दर सहा महिन्यांनी नणंद खात्यात सुट्टी टाकायच्या, मालकाला म्हणायच्या, फोटो काढाले जास. उजव्या डोळ्याची नजर हळूहळू उतरत गेली. तक्त्यावरची अक्षरं जाऊन बोटं मोजणं राहिलं, मग तेही गेलं. जागा मोकळी राहिली. चित्राच्या आदल्या दिवशी मी शाळेत मुलांच्या वह्या तपासताना बरोबरलाही फुली मारायची.

मग त्या वारल्या. आधी ताप, मग कावीळ, मग सरकारी दवाखाना. सगळं एका पंधरवड्यात झालं. चित्राची तारीख पुढच्याच आठवड्यात होती. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, पुढे ढकलता येईल का? ते म्हणाले, या वेळी नको. मागच्या चित्रात मला गाठीची एक कडा आवडलेली नाही.

मी सोनाराकडे जाऊन चमकी कापून घेतली.

मुलगी आता नऊ वर्षांची होती. ती स्वतःच फळीवर आडवी झाली. मी तिचा पाय धरला. आतली थंडी बाहेरून कधी कळली नव्हती. आवाज सुरू झाला आणि मला वाटलं, एवढ्या आवाजात रडलं तर कोणाला कळणार नाही. पण रडणं असं ठरवून येत नाही. मग तो थांबला. मला सांगायचं वाक्य माहीत होतं. तोंड उघडलं, ते बाहेर आलं नाही. मी फक्त तिच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. तो हलला नाही. आवाज परत थांबला, तेव्हाही नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मला काही बोलता आलं नाही गं."

"चालेल," ती सँडल घालत म्हणाली. "फुईपण नव्हती बोलत." आत्याला ती फुई म्हणायची.

"बोलायच्या की. जॉबर आला म्हणून."

"ते पहिले. नंतर ती झोपायची. बसल्या बसल्या. एकदा घोरत होती, मला हसू आलं तर मी दाबलं." सँडलचा पट्टा लावून ती म्हणाली, "तिथे थंड असतं ना. खात्यासारखं उकडत नाही."

डॉक्टरांनी नवं चित्र मागच्याशेजारी लावलं. भिंग घेतलं. मागचं चित्र काढून त्याच्याही मागचं लावलं. मुलगी एका डोळ्यानं भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत होती, खालच्या ओळीपर्यंत.

"कडा तीच आहे," ते शेवटी म्हणाले. "सरकलेली नाही. जागा स्वच्छ आहे. आता वर्षानं या."

नवरा आला नव्हता. त्याला आत घेत नाहीत, मग खाडा कशाला, असं त्याचं म्हणणं. आम्ही सरळ खात्यात गेलो. सगळे माग चालू होते. तो दूर एका मागाखाली वाकला होता. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा त्यानं आम्हाला पाहिलं आणि तिथूनच हनुवटी वर केली. त्या आवाजात सगळे असंच विचारतात. मी तळहात आडवा धरून दाखवला. तसंच.

तो जवळ आला. त्याला नीट समजलं नसावं, किंवा परत एकदा पाहिजे होतं. त्यानं आपल्या हातानं उजवा डोळा झाकला, डाव्याकडे बोट दाखवलं आणि भुवई उचलली. हा? मी मान हलवली. हो, हा.

डोळा झाकूनच तो मुलीकडे बघत उभा राहिला. हात काढला तेव्हा डोळ्याभोवती ग्रीसचं काळं कडं उमटलं होतं. मुलगी पोट धरून हसायला लागली. ऐकू काहीच येत नव्हतं.