रिफ्रेशला हात लावू नकोस

आमच्या धाकट्याला घरात सगळे भिंगरी म्हणतात. मुलग्याला असलं नाव कसं, असं कुणी विचारलं तर आई म्हणायची, त्याला पाच मिनिटं बसवून दाखवा, मी नाव बदलते. आजवर कुणाला जमलेलं नाही. जेवायला बसला की दुसऱ्या घासाला त्याचा एक पाय चपलेत असतो. लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं की लिफ्ट लाजून लवकर येते, अशी त्याची श्रद्धा आहे. घाईघाईत तीन स्मार्टफोन फोडल्यावर त्याने स्वतःच बटणांचा साधा फोन घेतला. म्हणाला, हा पडला तर फरशी फुटेल.

माझी लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर, आणि घराच्या मागच्या खोलीत तो. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तो रक्त तपासतो. त्याची बायको पाच तासांवरच्या गावात शाळेत शिकवते. मी तिला मास्तरीणबाई म्हणते आणि ती ते चालवून घेते. त्यांची मुलगी मुंगी आईपाशीच असते. लग्न झाल्यापासून नवराबायकोची नोकरी दोन टोकांना. महिन्यातून एकदा हा बसने जायचा, पोरीला उचलून घ्यायचा आणि ती जरा रुळते न रुळते तोच परत निघायचा. परतताना मुंगी रडत नाही, याचंच त्याला जास्त लागायचं.

बदलीसाठी त्यांच्या खात्याचं एक पान वर्षातून एकदा उघडतं. सकाळी दहाला रिकाम्या जागा दिसतात, जो आधी बटण दाबेल त्याची जागा. पहिल्या वर्षी ते पान आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडलंच नाही. उघडलं तेव्हा जागा संपल्या होत्या. झालं, भिंगरीने ठरवलं की दोष ब्राउझरचा. त्या दिवसापासून तो त्याच्या मागे हात धुऊन लागला.

हे सगळं माझ्या गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर, बरं का. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो ब्राउझरने साठवलेलं सगळं पुसून टाकायचा. का, तर ओझं कमी होतं. मग प्रत्येक पान नव्याने सगळं आणत बसायचं आणि माझे पासवर्ड गेलेले असायचे ते वेगळंच. समोर गिऱ्हाईक कोट घेऊन उभं आणि मी पासवर्ड आठवत छताकडे बघतेय. मग त्याने ब्राउझरला वेग वाढवणारी जोडकामं, ती एक्स्टेन्शन्स म्हणतात ना, ती बसवली, एकावर एक, एकावर एक. ती इतकी झाली की ब्राउझर उघडेपर्यंत माझा एक शर्ट इस्त्री होऊन घडी घालून व्हायचा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

त्यानंतर त्याने चित्रं बंद केली. कुठल्याही पानावर फोटो येईना, नुसते रिकामे चौकोन. मी दुकानासाठी हँगर मागवले. चौकोन बघून काय कळणार कपाळ? गठ्ठा आला तो लहान मुलांच्या हँगरचा. माझ्याकडे कोट टांगायला येतात, बाळाची झबली नव्हे. मी त्याच्या नावाने दिवसभर शंख केला. तो म्हणाला, ताई, पण पान किती पटकन आलं बघ.

दुसऱ्या वर्षी तर त्याने कहर केला. पानातल्या स्क्रिप्ट म्हणून काही असतात, त्याच बंद करून टाकल्या. दहा वाजले आणि पान डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर. मास्तरीणबाईच्या शेजारच्या गावातली जागा अगदी वरच होती. त्याने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बटण मेलेलं. पान हलकं करता करता त्याने बटणाचा जीवच काढून घेतला होता. स्क्रिप्ट परत चालू करून येईपर्यंत जागा दुसऱ्याची झाली. त्या दिवशी तो जेवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी तासभर बसलेला दिसला आणि मला त्याची भीती वाटली. माझा भाऊ आहे तो. मी त्याला कितीही बोलेन, पण तसं गप्प बसलेलं मला बघवत नाही.

या वर्षी मास्तरीणबाईच्या गावातलीच जागा निघणार होती. तिथल्या दवाखान्यातले रक्त तपासणारे निवृत्त होत होते. एकच जागा, आणि एकदा भरली की पुढची कित्येक वर्षं नाव नको. मुंगी पहिलीत जाणार होती. त्यातच खात्याने सूचना काढली की यंदा पानावर रांग लागेल. रांगेत असताना पान रिफ्रेश करू नये, केल्यास अर्जदार रांगेत शेवटी जाईल. भिंगरीला रिफ्रेश करू नकोस म्हणायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण द्यायची.

चार दिवस आधी मी हिशेबाला बसले तर त्याचं मेल उघडंच राहिलं होतं. मास्तरीणबाईचे मेल ओळीने होते, आणि प्रत्येकात फोटोच्या जागी रिकामा चौकोन. खाली तेवढं फोटोचं नाव. चोरून वाचायला नको हे मला कळतं, पण नजर गेली. ‘मुंगी सायकलवर, पडायच्या आधी.’ ‘मुंगी सायकलवर, पडल्यानंतर.’ ‘दात पडला, उशीखाली शोधतेय.’ ‘बाबा आला की इथे झोपेल म्हणते.’

संध्याकाळी तो आला तेव्हा मी विचारलं, हे फोटो तू उघडलेस का. तो म्हणाला, फोटोंनी जड होतं ना, ताई. बदली झाली की निवांत बघणार. नावं वाचतो की. मी मास्तरीणबाईला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली की त्यांच्याकडे चौकोनच दिसतात हे तिला ठाऊक आहे, म्हणून तर ती प्रत्येक फोटोला नीट नाव देऊन पाठवते, निदान तेवढं तरी पोचावं. तिचा आवाज चढला नाही. मला मात्र असा राग आला की हातातली इस्त्री मी बाजूला ठेवून दिली, उगाच एखाद्याच्या कॉलरवर निघायचा.

मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, "रक्ताच्या नळ्या यंत्रात फिरत असतात, तेव्हा तू झाकण उघडून बघतोस का?"

"छे! उघडलं तर रक्त वेगळं होत नाही. पुन्हा पहिल्यापासून फिरवावं लागतं."

"मग तिथे कसा थांबतोस?"

तो म्हणाला, "तिथे मला ठाऊक असतं की आत काम चाललंय. इथे वाटतं, सगळे पुढे गेले आणि मी एकटाच राहिलो."

माझा राग तिथेच उतरला. मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि सेटिंगमध्ये गेले. सगळी जोडकामं काढली. स्क्रिप्ट चालू, चित्रं चालू, सगळं मुळात होतं तसं. तो बाजूला बसून हळू होईल, हळू होईल म्हणत होता. होऊ दे, म्हटलं. ब्राउझर बंद करून उघडला तर शर्टाची एक बाहीसुद्धा इस्त्री झाली नसती, इतक्यात उघडला. भिंगरीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मेल मात्र मी त्याला उघडू दिलं नाही. म्हटलं, फोटो बदलीचं पान उघडेल त्या दिवशी.

त्या दिवशी दुकानाचं दार मी अर्धंच उघडलं. दहा वाजले. पानावर रांगेत चालणारा एक चिमुकला माणूस आला आणि खाली लिहिलेलं, कृपया थांबा. तो माणूस काही पुढे सरकेना. भिंगरीचा गुडघा थडथडायला लागला. बोट कीबोर्डकडे निघालं. मी त्याच्या हातावर चापट दिली आणि बाजूच्या खिडकीत मेल उघडलं.

एकेक करत फोटो यायला लागले. मुंगी सायकलवर, तोंडभर हसू. मग तीच जमिनीवर, गुडघा फुटलेला, तरी सायकलचं हँडल सोडलेलं नाही. उशी उलटी करून तिच्यात डोकं खुपसलेली. भिंगरी आधी हसला. पुढे पुढे हसायचा थांबला. एका फोटोत पलंगाच्या कडेला मुंगी चिकटून झोपलेली आणि उरलेला अख्खा पलंग रिकामा. हा बघत राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचीही त्याला घाई नव्हती.

चिमुकला माणूस चालत चालत रांगेच्या टोकाला कधी पोचला ते त्याला कळलंच नाही. पानावर गावाचं नाव आणि शेजारी बटण.

"भिंगरी," मी म्हटलं, "दाब."

त्याने एकदाच दाबलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. पान विचार करत राहिलं. मग अक्षरं आली की जागा आपल्या नावे नोंदवली आहे. त्याने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मला विचारलं की पोरीच्या फोटोतले राहिलेले दोन बघून मग कामावर गेलं तर चालेल का. त्याच्या तोंडून ‘राहू दे, उशीर होईना का’ हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बदलीच्या गावी कायमचा जाताना मी त्याला ते लहान हँगर बांधून दिले. बस लवकर सुटणार म्हणून तो नको नको म्हणत होता, आणि तरी त्याने ते मांडीवर घेतले.

आता घर फार शांत आहे. जेवण निवांत होतं. कॉम्प्युटर तर इतका गुणी झालाय की पासवर्ड विचारत नाही. मला करमत नाही, खोटं कशाला बोलू? सकाळी जिन्यात धडधड ऐकू आली नाही की शटर उघडायला माझा हात रेंगाळतो.

काल दुपारी मास्तरीणबाईचं मेल आलं. फोटोला नाव होतं, ‘बाबा झोपलेत, आवाज करू नका.’ आमचं नेट काल संथच होतं, फोटो वरून खाली उतरत होता. आधी खिडकी. मग दोरीवर ओळीने टांगलेले छोटे छोटे फ्रॉक, माझ्याच हँगरवर. मग त्याचं डोकं, भरदुपारी तोंड उघडं टाकून झोपलेलं. उरलेलं अजून यायचं होतं. समोर एक गिऱ्हाईक कोट घेऊन उभं होतं, त्याने घड्याळाकडे बघितलं.

मी म्हटलं, "थांबा जरा. पान उघडतंय."