दोन बासऱ्या आणि एक भुंगा

सत्तरच्या दशकात मी विद्यापीठाच्या संगीत पदविकेला बासरी घेतली. वर्गात भिवंडीकडचे आम्ही तिघंच: अंबाडीच्या शाळेतले एक मास्तर, कामतघरच्या लूममालकाचा मुलगा आणि मी. आठवड्यातून एकदा मुंबईला तास असायचा. सर एकेकाला पुढ्यात घेऊन शिकवायचे, बाकीच्यांनी भिंतीशी बसून वाट पाहायची.

एके दिवशी सर वैतागले. "तिघं येता एकाच बाजूहून आणि गंधार तीन घरचे तीन! आता तिकडेच एकत्र बसा, एकमेकांचं ऐका. परीक्षेत तिघांना एकत्रच वाजवायला लावणार आहे."

पण बसायचं कुठे? आमच्या चाळीत लूमच्या खडखडाटात फुंकलेलं मलाच ऐकू येत नसे. मुलगा म्हणाला, "ताई, शुक्रवारी लूम बंद असतात. आमच्या कारखान्यात बसू ना." मग दर शुक्रवारी मास्तर शाळा सुटली की एसटीने यायचे. माझ्यासोबत आई यायची आणि त्याच्या अम्मीबरोबर बाहेर ओट्यावर गप्पा मारत बसायची. आम्ही आत, कापडाच्या ताक्यांना टेकून.

मास्तरांनी नियम घातला. दोघांनी वाजवायचं, तिसऱ्याने मधे बसून नुसतं ऐकायचं आणि कुठे चुकतंय ते सांगायचं. सुरुवातीला त्यातून भांडणंच व्हायची.

"तुझा गंधार चढतोय," मी म्हणायची.

"नाय ताई, मास्तरांचा उतरतोय."

"माजा? माजा बराबर हाय!" मास्तर म्हणायचे.

एका शुक्रवारी ऐकायची पाळी माझी होती. मास्तरांनी वरचा सा धरला, मुलाने वरचा गंधार. दोघांनी जोरात फुंकलं आणि मला खाली कुठेतरी बारीक घरघर ऐकू आली.

"थांबा, एखादी मोटर चालू राहिलीय."

मुलाने उठून सगळी बटणं पाहिली. सगळी बंद होती. पुन्हा वाजवायला लागले, पुन्हा घरघर. मास्तरांनी दार उघडून गल्लीत डोकावलं. तिथेही शांतता. दोघांपैकी एक जण थांबला की ती घरघरही थांबे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी मास्तरांना माझ्या जागी बसवलं आणि सा धरला. ते आधी पत्र्याकडे बघू लागले, मग आमच्या तोंडांकडे.

"आयला! ह्यो तिसरा कोन वाजवतोय?"

आम्हाला भास होतोय की काय, म्हणून आईला आत बोलावलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "दोन पावे आणि एक भुंगा."

त्यानंतर आमचे सगळे शुक्रवार त्या भुंग्याच्या मागे गेले. बासरी ओठांवर जराशी फिरवली की तो वर सरके, नाहीतर खाली. गंधार नेमका लागला की मात्र तो थेट खालच्या षड्जावर येऊन बसे, आणि सगळ्या कारखान्यात तंबोरा लावल्यासारखं वाटे. मग भांडायला काही उरलंच नाही. सूर जमेना तेव्हा मी हनुवटी वर उचलते, मुलगा दमात घाई करतो आणि मास्तर मान कलती करतात, हे एकमेकांकडे बघून हळूहळू कळलं.

सरांना सांगितलं तर ते हसले. मग आमच्या मधे येऊन बसले. आम्ही वाजवलं आणि त्यांचं हसू विरलं. "पुन्हा," ते म्हणाले. मग आणखी एकदा. शेवटी म्हणाले, "आयुष्यभर एकटाच वाजवत आलो. दोघांच्या मधे असा कधी बसलोच नाही."

मी भिवंडीच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, असा सूर बहुतेक हवेत नसतो, आपल्या कानातच तयार होतो. त्याने माझं कुतूहल आणखीच वाढलं. तर मग मास्तरांचा भुंगा आणि माझा भुंगा एकच होता का?

परीक्षेत आम्ही एकत्र वाजवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गंधारावर मान डोलावली. तिघंही पास झालो. मुलाला पुढे कारखाना सांभाळावा लागला आणि त्याचं वाजवणं मागे पडलं. मास्तरांनी अंबाडीच्या शाळेत पोरांना तिघातिघांच्या गटात बसवून शिकवलं. सरांच्या वर्गातही आता कुणी भिंतीशी ताटकळत नसे. दोघं वाजवायचे, तिसरा ऐकायचा. आमच्यानंतर आलेल्या मुलांना वाटायचं, हा नियम विद्यापीठानेच घालून दिलाय.