नळीवाली काकू

नळीवाली काकू पुढाऱ्यांचं नाक दाबायची. म्हणजे खरोखरच, चिमटीत धरून. मेडशीच्या रस्त्यावर आमच्या गावच्या बस थांब्याजवळ तिची सरबताची टपरी होती. प्रचाराची गाडी थांबली की ती ग्लास पुढे करायची, पण आधी तिची अट असायची. "हे बारीक नळी तोंडात धरा, अन् तिच्यातूनच दम घेत त्या लिंबाच्या झाडापर्यंत जाऊन या. नाक मी दाबून धरतो." कार्यकर्ते हसायचे, उमेदवारालाही गंमत वाटायची. निम्म्या वाटेत तो लालबुंद व्हायचा आणि नळी काढून धापा टाकू लागायचा.

मग काकू त्याच्यासमोर उभी राहून म्हणायची, "तुमी तं नळी काढून फेकली. माह्या राणीले फेकता नाई आली."

राणी तिची एकुलती एक लेक, माझ्या बाकावर बसणारी. तिला दमा होता. सोयाबीन निघालं की दादासाहेबांचं थ्रेशर शाळेच्या भिंतीला लागूनच सुरू व्हायचं आणि कुटाराचा, म्हणजे भुशाचा, धुरळा थेट वर्गात यायचा. राणीची छाती भात्यासारखी चालायची. थ्रेशर हलवा म्हणून काकू हात जोडायला गेली, तर हा गावचा पुढारी खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "पोरगी ढोंग करून राह्यली, शाळा चुकवाले," एवढं बोलला मेला. त्याच आठवड्यात राणी वर्गात काळीनिळी पडली. गावच्या आरोग्य उपकेंद्रात वाफेचं मशीन नव्हतं. तालुक्याला, मालेगावला नेताना जीपमध्येच ती गेली. तिची राहिलेली चप्पल हातात घेऊन मी शाळेच्या दारात उभी होते.

काकू फार रडली नाही. तिने डूख धरला.

तिचा राग आयांवरही निघायचा. आमच्याकडे दम्याला कोणी दमा म्हणत नाही, पोरीला जरा सर्दी आहे म्हणतात. लग्न मोडेल म्हणून तिचा श्वासाचा पंप धान्याच्या डब्यात लपवतात. काकू त्यांना भर रस्त्यात अडवायची. "चष्म्याची लाज नाई वाटत, मंग पंपाची कायले वाटते? पोरगी मेल्यावर लगन लावता का तिचं?" बाया तिला शिव्या द्यायच्या, पण पंप दप्तरात जायचा. माझ्या आईनेही अशाच शिव्या देत माझा पंप डब्यातून काढला, म्हणून मी हे लिहायला आहे.

लिंबापर्यंत न पोचलेल्या एका उमेदवाराने निवडून आल्यावर उपकेंद्राला मशीन दिलं. गावाला वाटलं, आता काकू निवळेल. कसली निवळते! दादासाहेबांची गाडी टपरीसमोरून काचा वर करून जायची, आणि थ्रेशर तिथेच. मी एकदा म्हटलं, "काकू, सोड ना आता." तिने नळी धुतली, पुसली आणि परत ग्लासात उभी करून ठेवली.

"मतं मांगाले येते ना, तवा पाहू," ती म्हणाली.

तो आला, पण काकू गेल्यावर. शाळेत तिची शोकसभा होती आणि निवडणूक तोंडावर. पांढराशुभ्र सदरा घालून, माइक हातात धरून म्हणतो कसा, "काकू मले बहिणीसारखी होती." माझं डोकंच फिरलं. टपरीतली नळी पदराला बांधूनच आले होते, ती घेऊन मंचावर चढले. "दादासाहेब, हे धरा तोंडात. नाक मी दाबते. आधी दम घेऊन दाखवा, मंग बोला."

सगळं गाव बघत होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्याला घाम फुटला, डोळे बाहेर आले. मग माझा हात झटकून त्याने नळी फेकून दिली. मी तोंड उघडायच्या आधीच खाली बसलेल्या आया एकेक करत म्हणू लागल्या, "राणीले फेकता नाई आली."

यंदा शाळेजवळ थ्रेशर लागलं नाही. लोक मला म्हणतात, झालं ना आता मनासारखं? नाही झालं. त्याने नळी फार लवकर काढली. टपरी आता मी चालवते, आणि त्याची गाडी अजून याच रस्त्याने जाते.