अर्ध्या ओहमचे दोन रेझिस्टर

माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न मोडता मोडता राहिलं, त्याला कारण अर्ध्या-अर्ध्या ओहमचे दोन रेझिस्टर. ओहम म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसालाही अर्धा म्हणजे फार नाही, एवढं कळतं. मलाही तेवढंच कळत होतं.

तेव्हा मी जवाहरनगरच्या क्वार्टरात राहत होतो, दिवसा कारकुनी करत होतो आणि पोस्टाने रेडिओचा कोर्स शिकत होतो. डिसेंबरात मी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, दोन ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा, की तो तापला की जास्त करंट ओढतो आणि जास्त करंट ओढला की आणखी तापतो. त्याला आवरायला त्याच्या एमिटर नावाच्या पायात एक छोटा, अर्ध्या ओहमचा रेझिस्टर घालतात. मी दोन्ही ट्रान्झिस्टरना तो घातला, ऐकून पाहिलं आणि काढून टाकला. काढल्यावर आवाज वाढला ना! मग स्वेटर घालून, कुडकुडत, मी बायस लावला. (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरला किती जागं ठेवायचं ते ठरवणं, म्हणजे बायस.)

"पुस्तकात लावा म्हनून लिवलं हाये, तं तुमी काढता काहून?" बायकोने, सुमनने, विचारलं.

पुस्तक लिहिणाऱ्यांना अनुभव नसतो, असं मी तिला सांगितलं. तिने पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

खरी भीती मला एकाच माणसाची वाटे, सासऱ्यांची. दिघोरीचे आमचे मामाजी रिटायर हेडमास्तर. ते ओरडत नसत, नुसते बघत. त्यांच्या धाकट्या मुलीची, कुसुमची, एक सोयरीक मानपानावरून मोडली होती आणि दुसरी महत्प्रयासाने जमली होती. लग्न मे महिन्यात, भर दुपारच्या मुहूर्तावर. लाउडस्पीकर लाखांदूरहून भाड्याने आणायचं ठरलं होतं. मी कशाला बोलावं? पण बोललो. घरचा अ‍ॅम्प्लिफायर असताना भाड्याचा कशाला, असं छाती काढून म्हणालो.

मामाजींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "जावाईबापू," ते म्हणाले, "पोरीच्या लगनात मले गडबड नाही पायजे."

त्या दिवसापासून मला झोप लागेना. तरी एसटीत अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन दिघोरीला गेलो. भोंगा कडुलिंबावर बांधला, ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि सकाळी सातला 'हॅलो, हॅलो' केलं. आवाज खणखणीत! मामाजींनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी मान उभी हलवली होती.

अकराला वरात आली आणि ऊन पेटलं. सासुरवाडीची रीत अशी, की मुहूर्त होईपर्यंत थोरल्या जावयाने व्याह्यांना पंख्याने वारा घालायचा. थोरला जावई मीच. व्याही अंगाने भरदार, मिशीने त्याहून भरदार. त्यांची खुर्ची बोहल्याजवळ, माइकच्या शेजारी, मी आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या खुर्चीमागे. म्हणजे हातात पंखा, समोर व्याही आणि बाजूला ट्रान्झिस्टर.

थोड्या वेळाने भोंगा घोगरा बोलू लागला. ट्रान्झिस्टर ज्या पत्र्यावर बसवले होते त्या पत्र्याला मी हळूच बोट लावलं आणि चटका बसून काढलं. डिसेंबरच्या थंडीला बेताचा बायस मे महिन्याच्या उन्हात पोचला होता! करंट चढत होता, आवरणारं कोणी नव्हतं. मी पंखा जरा तिरका केला, म्हणजे निम्मा वारा व्याह्यांना, निम्मा पत्र्याला. मग पाऊण वारा पत्र्याला. मग व्याह्यांना जे मिळत होतं त्याला वारा म्हणता येणार नाही.

"जावाईबापू, वारा कोठी जाऊन राहिला?" व्याह्यांनी मान न वळवता विचारलं.

मी दचकून पंख्याचे दोन हात त्यांच्याकडे मारले. तेवढ्यात भोंगा खरखरला. भीतीने माणूस काय करील सांगता येत नाही. व्याह्यांच्या डोक्यावर ठेवण्यासाठी मामींनी, माझ्या सासूबाईंनी, ओला दुपट्टा पाठवला होता. तो मी पिळला आणि दोन्ही हातांनी, अगदी आदराने, पत्र्यावर पांघरला. चर्रर्र आवाज झाला, वाफ निघाली आणि व्याही वळले.

त्यांनी आधी दुपट्टा बघितला, मग पंखा, मग मला. ते उठले. उठल्यावर त्यांचं तोंड बरोबर माइकसमोर आलं.

"मशीनले वारा अन् मले घाम? नाही कराचं आमाले हे लगन!"

सकाळपासून भोंग्यातून इतकं स्वच्छ वाक्य निघालं नव्हतं. ते सगळ्या गावाने ऐकलं. लगेच फट् झालं, धूर निघाला आणि भोंगा गप्प झाला.

मुहूर्तासाठी धरलेल्या अंतरपाटाआड कुसुमने हातातला हार खाली घेतलेला मला दिसला. हिची दुसरी सोयरीकही मोडली आणि ती मी मोडली. व्याही तापत चालले होते. एकेका वाक्याने त्यांचा आवाज चढत होता आणि चढलेला आवाज ऐकून ते आणखी तापत होते. मामाजी हात जोडून पुढे आले, तसे व्याही अधिकच चढले.

तेवढ्यात बायकांतून विहीणबाई आल्या. हडकुळी, ठेंगणी बाई. आवाजही बारीक.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "घाम मलेबी येऊन राहिला. पोरगी उभी हाये तिकडं."

व्याही बसले. मी डोळ्यांनी बघितलं, एवढा माणूस एका बाईच्या दोन शब्दांनी जागेवर आला. मंगलाष्टकं सगळ्यांनी मिळून तोंडीच म्हटली. अक्षता पडल्या तेव्हा मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो आणि रडत होतो. लोकांना वाटलं, मेहुणीवर फार जीव.

जेवणं उरकल्यावर मामाजींनी मला ओसरीवर बोलावलं. काय बिघडलं, त्यांनी विचारलं. घाबरून मी सगळं खरं सांगितलं, एमिटर, बायस आणि तो छोटा रेझिस्टर.

"मंग ते रेझिस्टर कोठी गेले?"

मी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. अडीनडीला असावेत म्हणून आणले होते.

"मंजे होते."

"हो."

"अन् काढले काहून?"

"आवाज वाढावा म्हणून."

मामाजींनी पुडी उघडून दोन्ही रेझिस्टर मोजले आणि पुडी परत बांधली. "वाढला," ते म्हणाले.

त्यानंतर सासुरवाडीला पुष्कळ लग्नं झाली आणि वारा घालायचा मान प्रत्येक वेळी मलाच मिळाला. फक्त पंखा हातात देण्याआधी मामाजी माझा खिसा तपासत.