भरलेला बार

आमच्या बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पयली बंदूक जन्माला पुरते. फक्त रोज पुसायला हवी." त्यावर आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "तिला रोज पुसता, मला कधी पुसलंत?" बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि खोबरेलात भिजवलेलं फडकं नळीवरून फिरवत राहायचे. आई तिला सवत म्हणायची. सवतीला ती कधी हात लावत नसे.

गावातली पोरं तिला रायफल म्हणायची, पण होती साधी ठासणीची एकनळी. बाबांनी लग्नाआधी घेतलेली, पिकाच्या राखणीच्या लायसनवर. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि लोखंडी गजाने ठासायचं. शेवटी घोडा मागे ओढून त्याच्याखाली तांब्याची एवढीशी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा, की घोडा टोपीवर आपटतो. आता हे मी सांगते, पण तेव्हा मला यातलं काडीचं कळत नव्हतं. बाईमाणसाने तिकडे फिरकायचंच नाही, असा घरचा कायदा.

रत्नागिरीपासून आत, एसटी सोडून तासभर चालावं लागणारं आमचं गाव. भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची. आणि अख्ख्या वाडीत बंदूक एकच, बाबांची. त्यामुळे माणूस जरा तोऱ्यातच असायचा. शिकार झाली की हाकाऱ्यांचे वाटे, कुत्र्यांचा वाटा, आणि बंदुकीचा वाटा वेगळा. तो बंदुकीचा वाटा बाबा स्वतः पानात धरून घरी आणायचे, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. एकदा एक कंत्राटदार जीप घेऊन आले, दुनळी मिरवत. "अहो, ठासणीची किती दिवस वापरणार? काडतुसाची घ्या." बाबा म्हणाले, "साहेब, तुमची दोनदा बोलते म्हणून दोनदा चुकते." कंत्राटदार हसले, पण चहा अर्धाच ठेवून गेले. मला वाईट वाटलं नाही. माणूस आगाऊच होता.

हे सगळं चौऱ्याऐंशी सालापर्यंत.

त्या साली गणपती गेले आणि दोन-चार दिवसांत डुकरांनी खालच्या मळ्यात धुमाकूळ घातला. बाबा संध्याकाळी पडवीत बसून बार भरत होते. रात्री मळ्यातल्या राखणीच्या माळ्यावर बसायचं ठरलं होतं. शेजारचे काका, म्हणजे बाबांचे शिकारीतले जोडीदार, हाकाऱ्यांचे म्होरके, कुत्र्यांना घेऊन येणार होते. बाबांनी बार ठासला, बंदूक खुंटीला लावली, टोप्यांचा बटवा शेजारी अडकवला आणि भाकरी खायला आत आले. पहिला घास हातातून पडला. मला वाटलं, ठसका लागला. आई "अवो, काय झालं, अवो" म्हणेपर्यंत ते उजव्या अंगावर कलंडले होते.

झोळी करून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर चांगले होते, म्हणाले, बोलणं येईल कदाचित, हळूहळू. हळूहळू म्हणजे किती, ते कुणी सांगेना. घरी आणून पडवीत खाटेवर निजवलं, कारण वारा तिथेच येतो. तेव्हा पहिल्यांदा माझी नजर वर गेली. खाटेच्या बरोबर वर खुंटीला ती. भरलेली.

आईला म्हटलं, "आधी ही काढूया इथून." ती म्हणाली, "काढ. हिंमत असेल तर काढ गो बाय." माझी कसली हिंमत. काकांना बोलावलं. काका बंदुकीकडे पाहून पागोटं सारखं करत राहिले. म्हणाले, "टोपी नाय तवर काय होत नाय. पण लोखंडाचा भरवसा काय द्यावा?" मग बार बाहेर कसा काढायचा? तर म्हणे, आत गेलेला बार तोंडातून परत येत नाही, आणि जिवंत बारावर पाणी ओतायला नळीच्या तोंडाशी कोण जाणार, उडवायलाच लागतो. मग उडवा ना! तर लायसन बाबांच्या नावावर. दुसऱ्याने चाप ओढला तर दोघेही आत. पोलीस पाटील आमच्याच वाडीतले, भला माणूस, त्यांनीही तेच सांगितलं. "डोळ्याआड करीन म्हटलं तरी बार डोळ्याआड होईल, आवाज कसा होईल?"

झालं. म्हणजे जो उडवू शकतो तो उठू शकत नाही, आणि जे उठू शकतात त्यांनी उडवायचं नाही. संताप व्हायचा माझा. कुणावर काढणार?

कसे राहिलो आम्ही ते आमचं आम्हाला माहीत. पडवी झाडताना मी वाकूनच झाडायची. मांजर आढ्यावर चढलं की आई त्याला शेलक्या शिव्या द्यायची, पण हळू आवाजात, जशी काही बंदूक ऐकून दचकेल. परतीच्या पावसात विजा कडाडल्या की मला वाटायचं, गेलं घर. बाबांची खाट आत न्यायला गेलो तर ते डाव्या हाताने खुंटीकडे दाखवून असा काही आवाज काढायचे की आम्ही खाट परत जाग्यावर ठेवायचो. दिवसभर त्यांची नजर वर. माशी बसली तरी तिच्यावर नजर. पुसायची आहे, हे आम्हाला कळत होतं. पुसणार कोण?

दसऱ्याला शस्त्रपूजा. दरवर्षी बाबा सोवळं नेसून तिला झेंडूची माळ घालायचे. त्या वर्षी आईने लांबूनच हळदकुंकू उडवलं आणि आपट्याची पानं फेकली. दोन पानं बाबांच्या अंगावर पडली. मला आधी हसू आलं, मग इतकं रडू आलं की मी गोठ्यात जाऊन बसले.

भाऊ मुंबईहून धावत आला. चार दिवस राहिला. कारखान्यात एवढाली यंत्रं चालवणारा माणूस, पण खुंटीखालून जाताना मान आखडून जायचा. जाताना म्हणाला, "आई, मी बघतो काहीतरी." काय बघणार होता, देव जाणे. इकडे डुकरांनी खालच्या मळ्याचा सत्यानास केला. रात्री कुत्री भुंकायला लागली की बाबा डाव्या हाताने खाटेची कड धरून उठायची धडपड करायचे. आई त्यांच्या छातीवर हात ठेवून बसायची. "जाऊंदेत. खाऊंदेत. त्यांचं पण पोट हाय." तिलाच ते पटत नव्हतं.

मग निवडणूक लागली. निवडणूक आली की गावोगावच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या. एरवी बाबा स्वतः फडक्यात गुंडाळून न्यायचे, आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आणायला हजर. या वेळी पोलीस पाटील आले, पायरीवरच बसले आणि म्हणाले, "न्यायला तर हवी. पण भरलेली बंदूक ठाण्याच्या दारात कशी नेऊ? मलाच आत बसवतील." मग खाली मान घालून म्हणाले, "आणि यावेळी जमा झाली की परत यायची नाय. लायसनवाल्याची अशी तब्येत म्हटल्यावर परत कोण देणार?"

बाबांना ऐकू व्यवस्थित येत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आई आतून आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. म्हणाली, "लायसन यांच्या नावावर, तर बार हेच काढतील. मग न्या." मी म्हटलं, "आई, यांना नीट बसता येत नाही!" तर माझ्यावर खेकसली, "आपण बसवू. तुझा बापूस काय भाताचं पोतं हाय?"

दुसऱ्या सकाळी पाटील आले, आणि उन्हं अंगणात आल्यावर बाबांना खुर्चीत बसवलं आणि पंच्याने खुर्चीला बांधलं. समोर कुंपणाचा चिऱ्याचा गडगा, त्याच्या मागे नुसतं कातळ, माणूस नाही की ढोर नाही. काकांनी दोन पोती एकावर एक ठेवून त्यावर नळी टेकवली आणि अंग चोरून बाजूला उभे राहिले. दस्ता बाबांच्या डाव्या खांद्याला लावायला माणूस हवा होता. आई गेली. पहिल्यांदा तिने सवतीला हात लावला, आणि लावला तो दोन्ही हातांनी, घट्ट.

बाबांनी गालाला दस्ता टेकवला. खरं सांगते, ते वाकडं तोंड क्षणभर सरळ झाल्यासारखं दिसलं. काकांनी बटवा उघडला. आत दोनच टोप्या होत्या. घोडा चढवून एक बसवली. बाबांचं डावं बोट चापावर गेलं, मागे आलं, परत गेलं. मी कान दाबले.

चट्.

एवढंच. काका ओरडले, "हलू नका, नळी धरून रवा, उशिराने पण उडतो!" आम्ही धरून राहिलो. गडग्यावर सरडा आला, गेला. काही झालं नाही. मग दुसरी टोपी. चट्. काकांनी नळीला नाक लावलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. दारूला ओल लागली होती. कधी लागली, कुणास ठाऊक. पहिल्याच पावसात लागली असेल. महिनोन् महिने आम्ही ज्याच्याखाली जीव मुठीत धरून झोपलो, ते मेलेलं होतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. काका म्हणाले, "चला, बरं झालं. आता गरम पाणी ओतू, ओला बार मळासारखा निघून येईल." पाटील पण उठले. सगळ्यांना मोकळं वाटत होतं, फक्त बाबा चाप सोडत नव्हते. त्यांचा घसा घुरघुरला. ओठ जुळले, सुटले. आणि दवाखान्यातून आल्यापासूनचा त्यांचा पहिला शब्द आम्ही ऐकला.

"परत."

काकांनी बटवा उलटा करून दाखवला. "नायत रे टोप्या. संपल्या." बाबांनी ऐकलंच नाही. बोट चापावर ओढत राहिले. घोडा पडलेला होता, चाप नुसता ढिला हलत होता. आणि घोडा मागे ओढायला त्यांच्याकडे दुसरा हात नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही नव्हता. "परत," ते म्हणाले. "परत."

मी आईला म्हटलं, "पुरे कर आता, सोडव त्यांना." आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. भाकरी थापणाऱ्या अंगठ्याने तिने घोडा मागे ओढला, अगदी शेवटपर्यंत, जसं काही जन्मभर तेच केलंय. बाबांनी चाप ओढला. खट्. तिने परत घोडा चढवला. खट्. पाटील पुन्हा पायरीवर बसून जमिनीकडे बघत होते, बंदूक गुंडाळायचं फडकं मांडीवर घेऊन. पाणी चुलीवर उकळत होतं आणि ते उतरवायला कुणी उठत नव्हतं.

आईने आणखी एकदा घोडा चढवला. "ओढा," ती म्हणाली. "मी हाय."