दिवेलागणीपर्यंत ठेवलेला कढीभात

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जेवायला बसलो की आजही आठवतं ते एका डब्याचं प्रकरण.

मी तेव्हा बडोद्यात गोत्रीकडे ठाण्यावर होतो. कडक उन्हाळा होता. परदेशातून एका मुलाचा फोन आला. त्याचे वडील इथे सोसायटीत एकटेच राहायचे. डबा खाऊन त्यांना विषबाधा झाली आणि शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात हलवलं होतं. "ती डबेवाली शिळं खायला घालते, तिला सोडू नका," मुलगा म्हणाला. आम्ही नोंद केली आणि महापालिकेच्या अन्न निरीक्षकाला घेऊन त्या बाईंच्या घरी गेलो.

बाई मराठी. नवरा गेल्यापासून डब्यांवरच घर चालत होतं. निरीक्षकाने तेल, पीठ, दही यांचे नमुने घेतले, पंचांसमोर सील केले आणि अहवाल येईपर्यंत स्वयंपाक बंद ठेवायला सांगितलं. बाई रडल्या नाहीत. रडतो तो निर्दोष, असं नवख्या पोलिसाला वाटतं. मी नवखा नव्हतो. ओट्यापाशीच त्यांची विचारपूस केली.

"कढीभात सगळ्यांनाच दिला, साहेब. मीपण तोच खाल्ला. बाकी कुणाला काही झालं नाही."

"मग काकांनाच कसा बाधला?"

"ते मला शुं खबर? पण बाकीचे डबे दुपारीच परत येतात. काकांचा दुसऱ्या दिवशी सकाळी." मग हळूच म्हणाल्या, "गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की परत येत नाही, साहेब."

तडक दवाखाना गाठला. काका सलाईन लावून पडले होते.

"केम छो, काका?"

"मजामा," ते म्हणाले. बडोद्याचा माणूस, दुसरं काय म्हणणार.

"डबा कधी खाता?"

"दुपारी." साफ खोटं. नजर लगेच खिडकीकडे गेली.

"मग रिकामा डबा दुसऱ्या दिवशी का जातो?"

मी स्टूल ओढून बसलो आणि वाट पाहिली. पोलिसाचं निम्मं काम त्यातच होतं.

"इथे दिवेलागण होते तेव्हा तिकडे मुलगा नाश्ता करतो," काका अखेर म्हणाले. "फोनवर दिसतो ने तो. तो खातो, मी खातो. एकत्र जेवण होतं आमचं. त्या दिवशी त्याचा फोन जरा उशिरा आला."

"अन्न फ्रिजमध्ये तरी ठेवायचं."

"गार घशाखाली उतरत नाही. आणि गॅस त्यानेच काढायला लावला. एकदा माझ्याकडून चालू राहिला होता."

म्हणजे भात दिवसभर त्या उकाड्यात टेबलावर. मी म्हटलं, "काका, हे जबाबात द्यावं लागेल. नाहीतर त्या बाईंची चूल बंद होईल."

"त्याला कळलं तर तो फोन कमी करेल. म्हणेल, बाबा, माझ्यासाठी उपाशी थांबू नका."

मला फार वाईट वाटलं. तरी कागद पुढे धरला. काकांनी तो दोनदा वाचला.

"त्या बेनचं नुकसान नको," ते म्हणाले आणि सही केली.

नमुन्यांचा अहवाल चांगला आला, बाईंचे डबे पुन्हा सुरू झाले. मुलाला मी फोनवर सांगितलं की दुपारचा भात संध्याकाळी खाल्ल्याने हे झालं. का ठेवला होता ते मी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. "किती वेळा सांगितलं त्यांना, शिळं खाऊ नका," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून एक शिकलो. विषबाधेची तक्रार आली की सगळे स्वयंपाकघर तपासतात. जेवणारा कुणाबरोबर जेवतो, हे कुणी विचारत नाही.

आता मी निजामपुऱ्यात एकटा राहतो. पत्नी गेली, मुलगी कॅनडात आहे. त्याच बाईंचा डबा येतो. शहाण्या माणसासारखा मी तो दुपारी गरम असतानाच संपवतो आणि धुऊन ठेवतो. दिवेलागणीला मुलीचा फोन येतो, तेव्हा रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसतो. तिला ताटाचा काठ तेवढा दिसतो.

"जेवताय ना, बाबा?" ती विचारते.

मी हो म्हणतो आणि हात तोंडाकडे नेतो.