नईमभाऊंचा तीन दिवसांचा तलाव

कुणाच्याही घरी गेले की नईमभाऊ आधी वर बघतात. मयतीला गेले तरी. लग्नाआधी कनीजला बघायला गेले, तेव्हा मान वर करून बसलेला पोरगा पाहून तिच्या आईला वाटलं, लाजाळू आहे. कनीज आजही सांगते, "मले नाई, आमच्या छताची ओल पाहून राह्यले होते. आधी छत दुरुस्त केलं, मंग निकाह."

चंद्रपुरात तीस वर्षं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या या माणसाची एकच अट. काम झालं की गच्चीवर पाणी भरायचं, तीन दिवस उभं ठेवायचं, आणि तेवढे दिवस खालच्या खोलीत चटई टाकून छताकडे बघत पडायचं. ओल दिसली नाही, तरच दहा वर्षांच्या हमीपत्रावर सही. आजवर त्यांची एकही सही गळली नव्हती.

'डरकाळी हाइट्स'च्या धनराजशेठना ही अट पटेना. मोहाची तीन जुनी झाडं तोडून त्यांनी सहा मजले उभे केले होते, आणि आता जाहिरातीत छापलं होतं म्हणून गच्चीवर जंगल लावायचं होतं. रविवारी गिऱ्हाइकं येणार होती.

"नईमभाऊ, सरळ माती टाकू, गवत लावू. पाणी कायले भरता?"

"मातीखाली गळती राह्यली तं कोणाले दिसते शेठ? गवत तुमचं, सही माही."

शुक्रवारी दुपारी पाणी भरलं. नईमभाऊ खाली सहाव्या मजल्यावर, गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेल्या फ्लॅटमध्ये, प्लास्टिक गुंडाळलेल्या पलंगाशेजारी आडवे झाले.

रविवारी गडचिरोलीहून बदली होऊन आलेल्या दीपाली मॅडम फ्लॅट बघायला आल्या. बेडरूममध्ये एक दाढीवाले गृहस्थ जमिनीवर पडून एकटक वर बघत होते.

"हे कोण?"

"योगशिक्षक," धनराजशेठ म्हणाले. "इमारतीत सोय आहे."

वर गच्चीवर घोटाभर पाणी. त्यावर घुग्घुसच्या कोळसा खाणींकडून आलेल्या काळ्या धुळीची साय.

"आणि हे?"

शेठनी दोन्ही हात पसरले. "तलाव."

मॅडमनी फ्लॅट घेतला. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांनी घेतला. सोमवारी सकाळी नईमभाऊ तोंड धुवायला गेले तेवढ्यात गच्चीवर पाटी लागलीसुद्धा: 'वनतलाव. पोहू नये.'

दुपारी तीन दिवस भरले. खाली इमारतीच्या दारात मॅडम हमीपत्र न्यायला येऊन थांबल्या होत्या. नईमभाऊंनी पेनाचं टोपण काढलं, सवयीनं शेवटचं वर पाहिलं, आणि टोपण परत लावलं. छतावर सुपारीएवढा ओला डाग होता.

ते वर गेले. डागाच्या नेमकं वर पाटीचा खांब.

"हे कोणं ठोकलं?"

"मीच ठोकवलं," शेठ म्हणाले. "चारच तं बोल्ट हाय."

"चारही माह्या लेपातून आरपार."

"डागावर पुट्टी मारा नं भाऊ, करून टाका सही. बाई खाली खोळंबल्या."

"पुट्टीवर सही तुमी करा. माह्या नावानं गळणार नाई."

"अन् तलाव?"

नईमभाऊ पाण्यात उतरले, कोपऱ्यात वाकले आणि कापडाचं बूच ओढलं.

पावसाळी पाइप अजून पहिल्या मजल्यापर्यंतच आला होता. तिथून अख्खा वनतलाव मॅडमच्या चार पावलांवर कोसळला. धनराजशेठ जिने उतरत धापा टाकत आले.

"धबधबा," ते म्हणाले. "सीझनल आहे."

मॅडमनी साडीवरचे काळे शिंतोडे पाहिले. मागून उतरणाऱ्या नईमभाऊंना विचारलं, "माझा कागद?"

"शनिवारी बाई. तलावाच्या पाटीनं छत फोडलं. ते बुजवतो, अन् पुन्हा तीन दिवस पाणी भरतो."

"तुम्ही योगशिक्षक ना?"

"हो. तीन दिवस शवासन बाकी हाय."



शनिवारी दीपाली मॅडम सहाव्या मजल्यावर आल्या. नईमभाऊ चटई गुंडाळत होते. मॅडमनी नमस्कार केला नाही, पलंग पाहिला नाही, खिडकीही नाही. दारातच थांबून मान वर केली आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत छत नीट बघितलं.

नईमभाऊंनी पेनाचं टोपण काढलं.